उरलेल्या रंगांचा शेजार

स्वेटर विणणारीच्या घरात लोकर उरतेच. कितीही हिशेबानं आणली तरी उरते, कारण हिशेबच तसा असतो. गिरणीत आज रंगवलेली लोकर आणि पुढच्या आठवड्यात त्याच रंगात बुडवलेली लोकर दुकानात एकच वाटते. अंगावर आली की छाती वेगळी आणि बाही वेगळी दिसते. लडीच्या कागदी पट्टीवर डाय लॉटचा आकडा छापतात तो यासाठीच. म्हणून जाणती बाई आधीच एक गुंडा जास्तीचा घेते. बाही कोपरापर्यंत आली आणि लोकर संपली, की दुकानात जाऊन ‘हाच रंग द्या हो’ म्हणण्यात अर्थ नसतो, हे तिला ठाऊक असतं. तो जास्तीचा गुंडा कधी अख्खा उरतो, कधी अर्धा, कधी मुठीत मावेल एवढा. ज्या घरात लोकर उरली, त्या घरात काहीतरी शेवटच्या टाक्यापर्यंत गेलेलं असतं.

माझ्याकडे अशी लोकर पत्र्याच्या पेटीत आहे. झाकण उघडलं की आधी कडुलिंबाच्या वाळक्या पाल्याचा वास येतो, मग रंग दिसायला लागतात. भाचीच्या पहिल्या टोपड्याचा पिस्ता. शाळेच्या स्वेटरांचा नेव्ही ब्लू. तो तर पुन्हा पुन्हा उरत गेला, कारण मुलांचे हात लांब होत गेले. आजोबांच्या कानटोपीचा तपकिरी. मावशीच्या लग्नानंतरच्या पहिल्या थंडीतला अबोली. आईनं आयुष्यात एकदाच स्वतःसाठी, हौसेनं विणलेल्या बिनबाह्यांच्या स्वेटरचा राणी रंग. कुणासाठी तरी आणलेला आणि कुणालाच न आवडलेला मोहरी. आमसुली, अंजिरी, राखी, मोरपंखी. आणि तळाशी, वर्तमानपत्रात गुंडाळलेला, लष्करी हिरव्या लोकरीचा एक गुंडा. त्याच्याविषयी पुढे सांगते.

या सगळ्यांची मिळून एक शाल करायची ठरवलं की पहिल्यांदा हातातून जाते ती निवड. नवी लोकर आणायला गेलं की आपण मालकीण असतो. दुकानदार फळीवरून गुंडे काढत राहतो आणि आपण माना हलवत राहतो. पेटीसमोर तसं नाही. रंग आहेत ते आहेत, जेवढे आहेत तेवढे आहेत. मोहरी जरा कमी पिवळा असता तर बरं झालं असतं, हे कुणाला सांगणार? विणणारीच्या हाती एकच गोष्ट उरते: कुणाच्या शेजारी कोण बसेल. या कामातलं सगळं सुख आणि सगळी जाण मला त्या एका निर्णयात दिसते.

हा निर्णय किती मोठा आहे, ते पॅरिसमधल्या एका रसायनशास्त्रज्ञानं फार पूर्वी ओळखलं होतं. मिशेल यूजीन शेव्रल त्याचं नाव. राजवाड्यांच्या भिंतींवर टांगायची चित्रं लोकरीत विणणारा गोबलँ नावाचा कारखाना तिथे होता. १८२४ मध्ये शेव्रल तिथल्या रंगखात्याचा प्रमुख झाला. विणकरांची तक्रार त्याच्यापुढे आली की काळा रंग नीट चढत नाही. निळ्या-जांभळ्या वस्त्रांच्या चुण्यांमधली सावली दाखवायला वापरलेला काळा धागा फिका पडल्यागत दिसतो. शेव्रलनं दुसरीकडचे उत्तम काळे धागे मागवून शेजारी ठेवले, ताडून पाहिले. रंगात खोट नव्हती. निळ्या-जांभळ्याच्या शेजारानं काळ्याचं बळ जात होतं. त्या एका तक्रारीमागे लागून त्यानं वर्षानुवर्षं रंगांच्या जोड्या लावून पाहिल्या आणि १८३९ मध्ये एक जाडजूड ग्रंथ लिहिला: दोन रंग जवळ आले की डोळा दोघांनाही बदलून पाहतो. पुढे चित्रकारांनी तो ग्रंथ डोक्यावर घेतला. पण त्याचा जन्म लोकरीच्या रंगखान्यात, विणकरांच्या कुरकुरीतून झाला, याचं मला फार अप्रूप वाटतं. शेव्रल एकशे दोन वर्षं जगला. त्याला रंगांनी भरपूर वेळ दिला.

त्याचं म्हणणं पडताळायला ग्रंथ लागत नाही, पेटी पुरते. राखी गुंडा डाळिंबी लाल रंगाला टेकवून ठेवला की राखीत हिरवट झाक येते. तोच राखी हिरव्याजवळ नेला की किंचित गुलाबी होतो. धागा तोच, उजेड तोच. तो मोहरी, जो पिस्त्याच्या शेजारी आजारी दिसत होता, आमसुलीला लागून बसला आणि देवळातल्या पितळी समईच्या अंगावर येतं तसं तेज त्याच्या अंगावर आलं. मी कितीतरी वेळ त्याच्याकडे पाहत राहिले. इतकी वर्षं या घरात त्याला नावं ठेवली गेली. त्याला बसायला योग्य जागा कधी दिली नव्हती, एवढंच.

रंगांचे गुंडे मांडताना मी सतरंजीवर बसते, खिडकीशी, दुपारी दोन-तीनच्या सुमारास. ट्यूबलाइटखाली नेव्ही ब्लू आणि काळा एकमेकांचे कपडे घालतात. त्या उजेडात कुणावर विश्वास टाकू नये. मांडून झालं की डोळे किलकिले करून पाहायचं. रंग पुसट होतात आणि फक्त गडद-फिका एवढंच उरतं. ही जुनी युक्ती आहे आणि तिच्याइतकी खरी दुसरी नाही, कारण दोन रंग भांडतात असं आपल्याला वाटतं तेव्हा बहुतेक वेळा ते भांडत नसतात. ते सारखेच गडद असतात आणि एकमेकांना वाट देत नाहीत. मोरपंखी आणि राणी जवळजवळ ठेवले तर कुठे थांबावं ते डोळ्याला कळेनासं होतं. मध्ये मोतिया रंगाच्या दोन ओळी घातल्या की दोघंही श्वास घेतात. हल्ली मोबाइलवर काळा-पांढरा फोटो काढला तरी हे दिसतं. पण किलकिल्या डोळ्यांनी पाहण्यात जे सुख आहे, ते फोटोत मला सापडलेलं नाही.

याच्या अगदी उलट वाटेनं जाणारा माणूस म्हणजे केफ फॅसेट. अमेरिकेत जन्मलेला, १९६४ मध्ये इंग्लंडला गेलेला चित्रकार. एका मित्रासोबत तो स्कॉटलंडमधली लोकरीची गिरणी पाहायला गेला आणि तिथल्या डोंगर-माळांचे रंग त्याला गिरणीच्या फळ्यांवर सापडले. त्यानं वीस रंगांची लोकर घेतली, सुया घेतल्या आणि लंडनला परतताना आगगाडीतल्या सहप्रवाशाकडून विणायला शिकला. पुढे १९८८ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात त्याच्या कामाचं प्रदर्शन भरलं. त्याचं विणकाम पाहिलं की भीती मोडते. दोन रंग जमत नसतील तर आपण एक काढून टाकतो. तो आणखी दहा आणतो. गर्दीत कुणीच परकं राहत नाही, हा त्याचा विश्वास त्याच्या प्रत्येक कोटावर आणि शालीवर लिहिलेला आहे. माझी पेटी त्याच्या गिरणीपुढे फार लहान आहे, पण एक गोष्ट मी त्याच्याकडून घेतली. एकटा पडलेला भडक रंग शालीत एकदाच आला तर डाग वाटतो. तोच तीन ठिकाणी थोडा थोडा आला की तो त्या शालीचा होऊन जातो.

आता विणण्याविषयी. अशा शालीला मी त्रिकोणच घेते. मानेच्या मागच्या बिंदूपासून तीन-चार टाक्यांवर सुरुवात, दोन्ही बाजूंनी सुलट, एकाआड एक ओळीला चार टाके वाढवत जायचं: दोन कडांना, दोन मधल्या टाक्याच्या अल्याड-पल्याड. वीण साधी असावी. जाळीदार पानं-फुलं एकरंगी शालीला शोभतात. जिथे रंग बोलणार आहेत तिथे टाक्यांनी गप्प बसावं.

त्रिकोणाचं एक गणित आहे, आणि उरलेल्या लोकरीवर काम करणारीनं ते पाठच करावं. त्रिकोणाचं क्षेत्रफळ उंचीच्या वर्गानं वाढतं. म्हणजे शाल २०० ओळींची धरली, तर १०० ओळी झाल्या तेव्हा अर्धी शाल झाली असं डोळ्याला वाटतं, पण लोकर फक्त पाव भाग गेलेली असते. निम्मी लोकर संपते ती १४१व्या ओळीच्या आसपास. समजा एकूण १०० ग्रॅम लोकर आहे. सुरुवातीला दहा ग्रॅमचा एक गुंडा जवळजवळ ६३ ओळी पुरतो. तोच दहा ग्रॅमचा गुंडा शेवटाकडे ठेवला तर जेमतेम दहा ओळी होतात, आणि शाल संपते. मला हे पहिल्यांदा कागदावर मांडून दिसलं तेव्हा पेटीतल्या सगळ्या छोट्या गुंड्यांकडे बघण्याची माझी नजर बदलली. टोपड्याचा पिस्ता, जेमतेम दहा ग्रॅम, स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला तर काटा हलतो न हलतो. त्याला शेवटाकडे ठेवलं तर तो एक बारीक काठ होईल. बिंदूपाशी ठेवलं तर मानेवर, जिथे शाल सगळ्यात जवळून अंगाला लागते, तिथे तळहाताएवढा पिस्ता पसरेल. ज्याच्याकडे थोडं आहे त्याला सुरुवात द्यावी.

प्रत्येक रंगाची पट्टी किती रुंद, हे मी ठरवत नाही. गुंडा ठरवतो. ओळीच्या रुंदीच्या तिप्पट, या विणीत थोडा जास्तच, धागा शिल्लक असेल तर ओळ पुरी होते. नसेल तर आधीच्या ओळीच्या टोकाशी थांबून पुढचा रंग घ्यावा. काही जणी मात्र थांबत नाहीत. धागा ओळीच्या मध्यावर संपला तर तिथेच दुसरा जोडतात, आणि रंग अध्येमध्ये बदलत, कुठे मनगटाशी तर कुठे खांद्यावर, वाट्टेल तिथे उगवतो. अशा शाली मला फार देखण्या वाटतात. पट्ट्यांच्या शालीत विणणारीचा हात दिसतो, त्यांत धाग्याची लांबी दिसते.

जोडण्याचीही रीत आहे, आणि ती धागा कशाचा आहे यावर अवलंबून असते. खरी लोकर असेल तर दोन्ही टोकांचे पदर उलगडायचे, विरळ करायचे, एकमेकांवर ठेवून ओले करायचे आणि तळहातांमध्ये जोरात चोळायचे. लोकरीच्या प्रत्येक केसावर बारीक खवले असतात. ओल, ऊब आणि घासणं मिळालं की ते एकमेकांत अडकतात आणि सुटत नाहीत. गाठ नाही, शिवण नाही, टोक लपवणं नाही. पण आपल्याकडच्या पेट्यांमधली बरीचशी ‘लोकर’ मेंढीच्या अंगावर कधी नव्हतीच. ती अॅक्रिलिक, म्हणजे तेलशुद्धीकरणातल्या रसायनांपासून काढलेला धागा. १९५०च्या सुमारास जगाच्या बाजारात आला आणि स्वस्त, टिकाऊ, धुवायला सोपा म्हणून घराघरांत शिरला. त्याला खवले नाहीत. कितीही चोळा, टोकं सुटीच राहतात. ती सुईनं मागे विणून बसवावी लागतात.

कोणता धागा कशाचा, हे पट्टी हरवल्यावर कसं ओळखायचं? आई देवघरातल्या निरांजनाशी न्यायची, चिमट्यात धरून. खरी लोकर जळताना केस जळल्याचा वास येतो, ती आपणहून विझते आणि राख बोटांत चुरगळते. अॅक्रिलिक वितळतं आणि टोकाशी काळा, टणक मणी उरतो. सुताचा वास कागद जळल्याचा. ही परीक्षा करायलाच हवी, कारण दोघं एका शालीत आले तर धुताना त्यांचे स्वभाव वेगळे निघतात. गरम पाण्यात लोकर आक्रसते, अॅक्रिलिक जागच्या जागी राहतं, आणि पट्टीला पट्टी लागते तिथे चुण्या पडतात. मी तरीही दोघांना एकत्र विणते. गार पाणी, हलका साबण, पिळायचं नाही, टॉवेलात गुंडाळून दाबायचं, सावलीत आडवं पसरायचं. एवढं सांभाळलं तर ते वर्षानुवर्षं एकत्र नांदतात.

निवड नसताना सुंदर करणं ही काही शहरी हौस नाही. स्कॉटलंडच्या अगदी उत्तर टोकाला, शेटलंड बेटांवर, बायका रोजच्या वापराच्या चौकोनी शाली विणत. हॅप म्हणतात त्यांना. लग्नाच्या अंगठीतून आरपार जाणाऱ्या, तिथल्या तलम जाळीदार शालींचं कौतुक जगानं केलं. हॅप थंडीत काम करणाऱ्या बायकांच्या खांद्यावर बांधलेली असायची, तान्ह्या मुलाभोवती गुंडाळलेली असायची. मधला भाग साधा, आणि भोवती लाटांची किनार. त्या लाटांत रंग कोणते? मेंढ्यांच्या अंगावर असतील ते. काळा, करडा, तांबूस तपकिरी, बदामी, पांढरा. गडदकडून फिक्याकडे आणि पुन्हा गडदकडे, एकेक छटा पुढचीला हात देत जाते. रंगाचं भांडं चुलीवर न चढवताही तो काठ समुद्राच्या किनाऱ्यावरच्या उजेडाचा होतो.

आपली घोंगडीही तशीच. सोलापूर, सांगली, सातारा, कोल्हापूर या पट्ट्यातल्या दख्खनी मेंढ्यांची लोकर आखूड, भरड, बहुतेक काळी. धनगरांनी ती कातरायची, बायकांनी सूत काढायचं, सणगरांनी मागावर विणायचं, चिंचोक्याची खळ लावून ताणा कणखर करायचा. काळ्या अंगावर काठाशी पांढऱ्या-करड्या दोन रेघा निघतात त्या पांढऱ्या मेंढीच्या. ज्यानं कुणी पहिल्यांदा त्या रेघा तिथे काढल्या, काठाशीच, मध्यभागी नाही, त्याला शेजार कळत होता. घोंगडी अंगाला टोचते हे खरं. पण पावसात डोंगरावर उभ्या असलेल्या माणसाला तिच्यासारखं दुसरं पांघरूण नाही: लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसरा हिस्सा ओल पोटात घेते आणि तरी अंगाला ओली लागत नाही. घरोघरच्या गोधड्यांविषयी मी वेगळं लिहीत नाही. त्यांच्यावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे, आणि प्रत्येक वाचकाच्या घरी एक आहेच.

एका गावाविषयी मात्र लिहायला हवं. पानिपत म्हटलं की मराठी माणसाच्या मनात १४ जानेवारी १७६१ उभी राहते. आजच्या पानिपतात वेगळाच संसार मांडलेला आहे. युरोप-अमेरिकेतल्या लोकांनी टाकून दिलेले लोकरी कपडे कांडला बंदरावर उतरतात आणि तिथून ट्रकांनी पानिपतला जातात. कारखान्यांच्या अंगणात बायका पायाशी विळीसारखं पातं धरून बसतात, बटणं आणि चेन कापून काढतात, अस्तरं फाडतात आणि कपड्यांचे रंगवार ढीग लावतात. लालांचा ढीग, निळ्यांचा ढीग, काळ्या-करड्यांचा सगळ्यात उंच. मग यंत्रात ते पिंजून पुन्हा सूत काढलं जातं. रंगवार ढीग लावल्यामुळे नव्यानं रंगवावं लागत नाही. त्या सुताची स्वस्त ब्लँकेटं होतात, आणि जगात कुठे भूकंप झाला, पूर आला, की मदतीच्या गाड्यांतून पोचतात. जुन्या लोकरीचं असं सूत काढण्याची युक्ती मूळची इंग्लंडमधल्या बॅटलीची, १८१३ सालची, बेंजामिन लॉ नावाच्या माणसाची. मेघना गुप्ता यांच्या ‘अनरॅव्हल’ या २०१२ सालच्या लघुपटात पानिपतच्या त्या बायका बोलतात. हे एवढे चांगले कपडे लोक का टाकत असतील, याचा त्या विचार करतात. त्यांच्या हातून जाणारा प्रत्येक कोट कुणाच्या तरी अंगावरचा, आणि कुणाच्या ते कधीच कळायचं नाही.

मी तो लघुपट पाहिला तेव्हापासून माझ्या पेटीकडे पाहताना मला वेगळं वाटतं. पानिपतात लालाशेजारी लाल बसतो, कारण तिथे पोटाचा प्रश्न आहे आणि रंगणावळ वाचवायची आहे. माझ्या सतरंजीवर लालाशेजारी हिरवा बसू शकतो. ही मोकळीक कमी नाही, आणि माझ्याकडे प्रत्येक गुंड्याचं नाव-गाव आहे, हेही कमी नाही.

तो लष्करी हिरवा गुंडा आजीचा. १९६२च्या ऑक्टोबरात चीननं हल्ला केला आणि हिमालयातल्या चौक्यांवर आपले जवान पुरेशा गरम कपड्यांविना लढताहेत, हे देशाला कळलं. त्या हिवाळ्यात गावोगावी, घरोघरी बायकांनी सुया हातात घेतल्या. शाळांमधून, महिला मंडळांतून लोकर वाटली गेली. स्वेटर, मफलर, हातमोजे विणून गोळा झाले. आमच्या नाशकातही. महाराष्ट्राचे मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण त्या नोव्हेंबरात संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले आणि पुढच्या वर्षी नाशिकमधूनच बिनविरोध लोकसभेवर निवडून आले. त्यामुळे त्या युद्धाशी गावाचं नातं जरा जास्तच जवळचं. आजीला तोवर फक्त बाळाची टोपडी आणि मोजे येत होते. मोठ्या माणसाच्या छातीचं माप तिनं आजोबांच्या सदऱ्यावरून घेतलं. स्वेटर गेले. ते कुणाच्या अंगावर चढले, तो परतला की नाही, हे तिला कळण्याचा मार्गच नव्हता. उरलेला गुंडा तिनं दुसऱ्या कशालाही वापरला नाही. तो सरकारी होता, असं ती म्हणायची. आई म्हणायची, तसं नाही; तिच्या मनात अजून एक बाही विणायची राहिली होती.

हा हिरवा कुणाच्या शेजारी बसवावा, हे मला पुष्कळ काळ सुचलं नव्हतं. तपकिरीला लावला तर दोघं मिळून चिखल होतात. राखीजवळ तो गणवेश होतो. शेवटी मी तो आईच्या राणी रंगाच्या शेजारी धरला. शेव्रलच्या नियमानं जे व्हायचं तेच झालं: हिरव्यातला हिरवेपणा वर आला आणि राणी पेटला. सासू-सून आयुष्यभर एकमेकींशी बेतानंच बोलल्या. शालीत मी त्यांच्या मध्ये मोतिया घातला नाही.

आता नाशकात थंडी उतरली आहे. निफाडचा पारा घसरल्याच्या बातम्या रोज छापून येतात, बागाईतदार द्राक्षांच्या बागांत रात्री शेकोट्या पेटवताहेत, आणि रस्त्याकडेला तिबेटी बायका लुधियानाचे तयार स्वेटर मांडून बसल्या आहेत. ते स्वेटर छान असतात, स्वस्त असतात. घरी विणण्याची गरज संपली ती त्यांच्यामुळे, आणि मला त्याचं दुःख वाटत नाही. गरज संपल्यावरही जे हात थांबत नाहीत, त्यांचंच विणकाम मला पाहायचं असतं.

असे हात आमच्या शेजारच्या काकूंचे आहेत. वय ऐंशीच्या पुढे. नजर मंदावल्यामुळे गेली काही वर्षं त्यांनी रंगीत काम सोडून दिलं होतं. पांढऱ्या लोकरीचे मोजे तेवढे विणायच्या, तेही हातानं टाके मोजत. दिवाळीनंतर त्यांच्या दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. मोतीबिंदूनं डोळ्यातलं भिंग हळूहळू पिवळं होत जातं आणि निळा उजेड आत येऊ देत नाही. माणसाला ते कळतही नाही, कारण जग दररोज फार थोडं पिवळं होतं. नवं भिंग बसलं की निळे रंग एकदम परत येतात.

पट्टी निघाल्यावर आठवड्यानं काकू माझ्याकडे आल्या आणि सतरंजीवर मांडलेल्या गुंड्यांपुढे उभ्या राहिल्या. माझ्या हातात बारा-तेरा इंच झालेली शाल होती आणि पुढची पट्टी मी त्यांनीच मागे दिलेल्या गुंड्याची धरली होती. तो देताना त्यांनी बजावलं होतं, हा राखाडी आहे, कुणाच्याही मध्ये घाल, चालून जाईल. मला तो तेव्हाही निळसर दिसला होता, पण वडीलधाऱ्या माणसाच्या लोकरीचा रंग मी कशाला बदलू?

“अगं, हा राखाडी नाही,” त्या म्हणाल्या. त्यांनी गुंडा उचलला, खिडकीशी नेला, पुन्हा आणला. “हा निळा आहे. हा तर यांच्या स्वेटरचा निळा. पुण्याहून आणलेला. मीच विणलेला.”

“मग मध्ये घालू नको म्हणता?”

“मध्ये कशाला? याला नीट जागा दे. आणि हा मोहरी काढ तिथून.”

“काकू, मोहरी आमसुलीला लागून आहे, तो हलवला तर खालच्या चार पट्ट्या उसवाव्या लागतील.”

“मग उसव,” असं म्हणून त्या सतरंजीवर मांडी घालून बसल्या आणि एकेक गुंडा निळ्याला लावून पाहायला लागल्या. पिस्ता बाजूला गेला. अंजिरी बाजूला गेला. अबोलीपाशी त्या जरा थांबल्या आणि मान हलवली. “शेंदरी हवा. तुझ्याकडे नाही शेंदरी?”

माझ्याकडे नव्हता. त्यांनी नातवाला हाक मारली आणि घरी पिटाळलं: कपाटातला खालचा खण, डावीकडे, खोबरेल तेलाच्या जुन्या डब्यात.